टोमण्याला उत्तर द्यायला दम लागतो

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माझ्या शब्दांत पुन्हा मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर सांगा. वय ४२, हिंजवडीत आयटीची नोकरी. सात महिन्यांपासून कोथरूडच्या एका ग्रुपबरोबर बुधवारी पहाटे साडेपाचला कर्वे पुतळ्यापासून खडकवासल्यापर्यंत आणि परत. सायकल हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची. दर बुधवारी शेवटी पोचता म्हणून नाव पडलंय 'डबा', आगगाडीचा शेवटचा. टपरीवर पोटावरून आणि नोकरीवरून फिरकी घेतात, आणि तीच पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर गुरुवारपर्यंत चालते. तुम्हाला विचारायचंय की ग्रुप सोडावा का, आणि आठवड्याच्या मधे एवढा दीड तासच मिळत असेल तर फिटनेस वाढवायचा कसा.

प्रश्न दोन दिसतात, पण शेवटी तुम्ही सहज एक वाक्य टाकलंय: 'मला पटकन उत्तर सुचत नाही, हसून सोडून देतो.' मला विचाराल तर सगळं तिथेच आहे. रोज क्लायंटला तोंड देणाऱ्या माणसाला उत्तर सुचत नाही हे मला पटत नाही. सुचतं, पण ते बोलायला छातीत हवा उरलेली नसते.

मी सतरा वर्षं सायकल चालवतोय आणि त्यातली अकरा वर्षं आमचा बुधवारचा ग्रुप सांभाळतोय. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब राइड, एकाच हंगामात पुऱ्या करून दोनदा 'सुपर रँदोनर' हा किताब मिळवला, तेही वेळेच्या पार काठावर. ६०० किलोमीटरला ४० तास मिळतात, दुसऱ्या खेपेला मी सव्वाएकोणचाळीस घेतले. ग्रुपमध्ये माझं नाव 'लालपरी'. जर्सी लाल, प्रत्येक थांब्यावर थांबतो, उशिरा येतो पण येतो. तेव्हा डब्याशी बोलायचा मला थोडा अधिकार आहे.

आता हवेचा मुद्दा. व्यायामाची तीव्रता मोजायची एक जुनी आणि फुकट पद्धत म्हणजे बोलून बघणं. सलग दोन-तीन वाक्यं बोलता येत असतील तर राइड सोपी चाललीय. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर जोर लागतोय. नुसतं 'हो', 'हं' निघत असेल तर तो वेग तुम्हाला फार वेळ पेलणारा नाही. बुधवारी तुमच्या ग्रुपमध्ये काय होत असेल ते मी इथे बसून सांगतो. पुढचे चौघे-पाच जण शिवण्यापासून कोंढवे-धावड्यापर्यंत अखंड बडबडत असतात. कोणाचा मॅनेजर कसा आहे, कोणाची रजा नामंजूर झाली, कोणाच्या बिब-शॉर्ट्सची शिवण उसवलीय. तो त्यांचा गप्पांचा वेग, आणि तुमचा तोच शर्यतीचा वेग. त्यांच्या दृष्टीने बुधवार म्हणजे हातपाय मोकळे करायची राइड, तुमच्या दृष्टीने ती दर आठवड्याची परीक्षा. सात महिने दर बुधवारी परीक्षा दिली आणि अभ्यासाला वेळच मिळाला नाही, तर निकाल बदलणार कसा?

तुमच्याकडे हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ असेल तर एक अंदाज घ्या. कमाल ठोके साधारण २२० वजा वय धरतात. दुसरं सूत्र २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं आहे. ४२ ला दोन्हींचं उत्तर १७८-१७९ येतं. खरा आकडा माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे होतो, म्हणून त्याला देव मानू नका. पण सोप्या राइडला १३०-१३५ च्या आत राहायचं, एवढं यातून कळतं. बुधवारचा तुमचा आलेख उघडून बघा. निघाल्यापासून टपरीपर्यंत १६० च्या वर सपाट रेघ असेल तर माझं म्हणणं खरं. ब्लड प्रेशरची काही औषधं ठोकेच कमी ठेवतात. तसं काही चालू असेल तर आकडा सोडून द्या आणि बोलूनच बघा.

या लोकांच्या बोलण्यावर विश्वासही ठेवू नका. सायकलवाल्यांची एक वेगळी भाषा असते. 'आज फक्त रिकव्हरी राइड' म्हणजे आज मला शिवण्यानंतर कोणी पकडून दाखवा. 'झोपच झाली नाही रे' म्हणजे मागे पडलो तर कारण तयार असावं. 'गुडघा जरा दुखतोय' म्हणणारा पहिल्या चढाला पहिला निघतो. आमच्याकडे एक सीए आहे. त्याला आम्ही 'एकतीस जुलै' म्हणतो, कारण जून लागला की रिटर्न भरायची मुदत सांगून तो गायब होतो. ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी 'दोन महिने सायकलला हात लावला नाही' म्हणत येतो आणि सगळ्यांना मागे टाकतो. घरात सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, लावून रात्री अकराला पेडल मारत असायचा, हे त्याच्या बायकोने आम्हाला सांगितलं.

आता बुधवारच्या राइडकडे वळू. सपाट रस्त्यावर तुमची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते, आणि हा खर्च वेगाच्या घनाने वाढतो. २५ वरून ३० च्या वेगाला गेलात तर वाऱ्याशी झगडायला जवळजवळ पावणेदोन पट ताकद लागते. म्हणून पुढच्याच्या मागे राहायचं असतं. नवीन माणूस भीतीने तीन-चार सायकली अंतर ठेवतो आणि सगळा वारा एकटा खातो. वर हायब्रिडवर तो ताठ बसलेला असतो, म्हणजे शिडासारखाच. एका सायकलच्या अंतराने सुरुवात करा आणि सवय झाली की हळूहळू कमी करा. पुढच्याच्या मागच्या चाकाकडे टक लावून बघू नका, त्याच्या खांद्यावरून पुढे बघा. चांगल्या आडोशात एक चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त श्रम वाचतात. मात्र पुढचा माणूस 'खड्डा' ओरडणारा असावा. पहाटेच्या अंधारात न बोलणाऱ्याच्या मागे मीसुद्धा जवळ जात नाही.

तरीही मागे पडणार असाल तर एक युक्ती आहे, आमच्याकडे निम्म्या नवीन लोकांनी वापरलेली. आठ मिनिटं आधी निघा. जाण्याचं अंतर पंधरा किलोमीटर धरू. तुमचा एकट्याचा सोसणारा वेग २२ आणि ग्रुपचा २८ असेल, तर ते तुम्हाला धरणाच्या अलीकडे एक-दीड किलोमीटरवर गाठतील. मागे पडणं आणि गाठलं जाणं यात मनाला फार फरक पडतो हो. मागे पडलेला माणूस चाळीस मिनिटं एकटा स्वतःला शिव्या घालत येतो. गाठला गेलेला शेवटचा किलोमीटर सगळ्यांच्या आडोशात जातो आणि टपरीवर सगळ्यांबरोबर उतरतो. पुढे आठाची सात मिनिटं करा, मग सहा. तुमची प्रगती स्ट्राव्हा या राइड नोंदवणाऱ्या अ‍ॅपपेक्षा या आकड्यात जास्त खरी दिसेल.

परतीच्या वाटेवर थोडा जोर लावा. दहा मिनिटं सहज चालवून मग चार मिनिटं नेटाने, तीन-चार शब्दांच्या वर बोलता येणार नाही अशी, आणि त्यानंतर चार मिनिटं हळू. असं चार वेळा. आठवड्यातला जोराचा व्यायाम तुमच्यासाठी एवढाच पुरे. बाकी एक दिवस तासभर, तोही इतका सोपा की एकटे असताना गाणं गुणगुणता यावं, आणि रविवारी दोन-अडीच तास गप्पांच्या वेगाने. 'गप्पांचा वेग' म्हणजे तुमच्या गप्पांचा, त्यांच्या नव्हे. रविवारी त्यांच्याबरोबर सिंहगडाला गेलात तर पुन्हा परीक्षा. पहिले दोन-तीन महिने रविवार एकट्याने किंवा तुमच्याच वेगाच्या एखाद्याबरोबर काढा.

एक सांगायलाच हवं. ४२ वय, बैठी नोकरी आणि सात महिने धाप लागेपर्यंत चालवणं, असं असताना तुमचा रक्तदाब, साखर, ईसीजी काही बघून झालंय का, तुम्ही लिहिलं नाहीत. नसेल तर जोराचे चार मिनिटांचे हप्ते सुरू करायच्या आधी डॉक्टरांना भेटा. आणि छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळा घाम असं काही झालं तर थांबायचं आणि शेजारच्याला सांगायचं. 'हे परत हसतील' म्हणून गप्प बसणारी माणसं मी बघितली आहेत. त्यांच्यावर मला राग येतो आणि हसणाऱ्यांवरही.

पोटाचं बघू. तुमचं वजन ८४ लिहिलंय, सायकल १३ किलो धरू, एकूण ९७. गोळेवाडीच्या नाक्यापासून सिंहगडाच्या पार्किंगपर्यंत साधारण ६०० मीटर उंची चढावी लागते. एका तासात चढायचं तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १६० वॉट सतत लागतात. तेवढ्याच ताकदीत पाच किलो कमी असतील तर तीन मिनिटं वाचतात, एक किलोला जेमतेम छत्तीस-सदतीस सेकंद. म्हणजे वजनाने फरक पडतो, पण ग्रुपमध्ये त्याचा जेवढा गवगवा असतो तेवढा नाही. खडकवासल्याच्या रस्त्याला तर चढ किरकोळ, तिथे पोटापेक्षा ताठ पाठच जास्त आडवी येते. तुमच्या पोटावर बोलणारा एखादा जण सव्वा लाखाची कार्बनची चाकं घेऊन अर्धा किलो वाचवत असेल. त्याला सांगा की यात सिंहगडाला वीस सेकंद मिळाले, तेवढा वेळ मी टपरीवर एका क्रीमरोलला घेतो. बघा, उत्तर सुचलं. बोलायला दम हवा फक्त.

आणि मंगळवारची रात्र सांभाळा. दहाला जेवण, बाराला झोप आणि पावणेपाचचा गजर असेल तर बुधवारी पाय कुठून चालणार? रात्री हलकं आणि लवकर जेवा, पहाटे एक केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. दीड तासाला एनर्जी जेल-बिल काही लागत नाही. राइड संपल्यावरच्या मिसळीबद्दल मी काही बोलणार नाही, कारण मी स्वतः एक्स्ट्रा तर्री घेतो.

आता नावाकडे येऊ. 'डबा' या नावाचा फ्रेंच जुळा भाऊ तुम्हाला बहुधा कोणी सांगितला नसेल. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत सगळ्यात शेवटी असलेल्याला 'लाँतेर्न रूज' म्हणतात, म्हणजे लाल कंदील. आगगाडीच्या शेवटच्या डब्याला लाल दिवा टांगायचे त्यावरून. म्हणजे तुमच्या मित्रांनी नकळत फ्रेंचांचाच विनोद केलाय. या शेवटच्याला तिथे इतकी प्रसिद्धी मिळायची, आणि त्या जोरावर नंतरच्या छोट्या शर्यतींची आमंत्रणंही, की शेवटून पहिलं येण्यासाठी चुरस लागायची. ऑस्ट्रियाचा गेरहार्ड शोनबाखर १९७९ मध्ये शेवटचा आला. १९८० मध्ये आयोजकांनी काही टप्प्यांनंतर शेवटच्याला बाद करायचा नियम आणला, तर हा पठ्ठ्या त्यातून वाचत वाचत पॅरिसला पोचला आणि पुन्हा शेवटचाच आला! आपल्या रेल्वेत शेवटच्या डब्यामागे मोठी फुली असते. ती दिसली की स्टेशनवाल्याला कळतं की गाडी अखंड आली, मधे तुटली नाही. आमच्याकडे शेवटी राहणाऱ्याचं काम हेच असतं. तो आला की मोजणी पुरी. त्याच्या आधी चहा सांगायचा नाही, हा आमचा नियम आहे आणि तो मोडणाऱ्याने सगळ्यांचे पैसे द्यायचे.

पण सगळी नावं सारखी नसतात. आमच्यात बहुतेक नावं रस्त्यावरच्या सवयींवरून पडतात. 'पंपशेठ' दोन पंप घेऊन फिरतो आणि ट्यूब मात्र दुसऱ्याची मागतो. 'उद्याताई' मंगळवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर 'येते' म्हणून अंगठा टाकतात आणि बुधवारी पहाटे 'उद्या नक्की' असा मेसेज टाकतात. हे चालतं, कारण सवय बदलली की नावाचा डंख जातो. शरीरावरून ठेवलेली नावं आम्ही बंद केली. दोन माणसं काही न बोलता यायची थांबली, तेव्हा कळलं.

कामावरून ठेवलेलं नाव सगळ्यात फसवं, आणि तिथे चूक माझीच आहे. आमच्यात तुमच्यासारखाच एक आयटीतला होता. एकदा त्याने सांगितलं की प्रोजेक्ट संपलाय, सध्या बेंचवर आहे, म्हणजे पगार चालू पण काम नाही. मी तिथल्या तिथे नाव ठेवलं, 'बेंच'. सगळ्यांना आवडलं. बुधवारी तो आला की कोणीतरी टपरीचं बाकडं पुसायचं, 'या साहेब, तुमची जागा'. सोमवार, मंगळवार, कधीही सायकलवर दिसला की व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, खाली 'पगारी सायकलिंग'. तो हसायचा. वेगही वाढला होता त्याचा, रोजच चालवत होता ना. त्यावरही आम्ही बोललो, की बेंच मानवलं तुला. चारएक महिन्यांनी तो यायचा थांबला. तिसऱ्या बुधवारी मी फोन केला, तेव्हा समजलं की पहिल्या दीड महिन्यानंतरच त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला होता. सकाळी घरात बसवत नाही म्हणून तो सायकल काढायचा. बायकोला सांगितलं होतं, आईवडिलांना नाही, आणि ग्रुपमधला एक जण त्याच्याच सोसायटीत राहायचा, त्यामुळे 'बेंच' हा शब्द लिफ्टमध्ये पोचला होता.

त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. उलट म्हणाला, 'मला वाटायचं सांगावं, पण तुम्ही सगळे हसत असताना मधेच कसं सांगणार?' पुढे त्याला नोकरी लागली, बंगळुरूला. कधीतरी स्ट्राव्हावर नंदी हिल्सचा चढ दिसतो, मी अंगठा देतो. ते नाव ग्रुपमध्ये नंतर कोणाला दिलं नाही. नोकरीची फिरकी आम्ही अजून घेतो, त्याशिवाय बुधवार कसला. पण ती बॉसवर, मीटिंगांवर, ट्रॅफिकवर. माणूस कामावर आहे की नाही यावर नाही.

तुमच्या बाबतीत 'आज कॉल नाही का रे?' हा साधा चिमटा आहे की मागे काही खरं दुखणं आहे, हे तुम्हालाच माहीत. खरं काही असेल तर ते ग्रुपमध्ये नका सांगू, एका माणसाला सांगा. शक्यतो ज्याने 'डबा' हे नाव ठेवलं त्यालाच, परतीच्या वाटेवर, शेजारी शेजारी चालवताना. समोरासमोर टेबलावर ही बोलणी जड होतात, आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर तर कधीच करू नये. तिथे आवाज ऐकू येत नाही, नुसते शब्द राहतात. एवढंच म्हणा, 'डबा चालेल, पोट आणि नोकरी सोड.' नाव ठेवणारा माणूस बहुतेक वेळा ग्रुपमधला सगळ्यात बोलका आणि ऐकणाराही असतो. मी त्याच जातीचा आहे म्हणून सांगतो.

ग्रुप सोडायचा का, हे मी टोमण्यांवरून ठरवणार नाही. तीन गोष्टी बघा. चढ संपल्यावर ते थांबतात का? आणि थांबतात म्हणजे तुम्ही पोचताक्षणी निघतात की तुम्हाला पाणी प्यायला देतात? पंक्चर झालं तर कोणी मागे वळतो का? आणि तुम्ही दोन बुधवार दिसला नाहीत तर फोन येतो का? तिन्हीचं उत्तर 'नाही' असेल तर खुशाल सोडा. कोथरूड-वारज्याच्या रस्त्यावर पहाटे एवढे ग्रुप दिसतात की आठवडाभरात नवीन मिळेल. फोन येत असेल तर टिका. जो ग्रुप जाताना एकमेकांचे कपडे फाडतो आणि पंक्चरला सहाजण खाली बसतो, तो मला चांगला वाटतो. गोड बोलून पुढे निघून जाणारेही मी पाहिलेत.

एक शंका शेवटी राहिली. तुम्ही लिहिलंय की अर्ध्या तासानंतर मांड्या भरून येतात आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. हे फिटनेसचं नसून सीट खाली असल्याचं असू शकतं. नवीन लोक पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि मग अर्धा पाय दुमडूनच पेडल मारत राहतात. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मधे वर घट्ट धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्या आकड्याला ०.८८३ ने गुणा. पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठापर्यंत साधारण तेवढं अंतर हवं. म्हणजे ८० सेंटीमीटर आलं तर ७०.६. फरक मोठा निघाला तर एकदम बदलू नका, दर राइडला पाच मिलिमीटर.

पायाचा आणि सीटचा, दोन्ही आकडे मोजून इथेच खाली लिहा, टायरमध्ये किती हवा भरता तेही लिहा. चार मिनिटांच्या हप्त्यांचं त्यानंतर बघू.